माझ्या वाट्याची बाजू

आमच्या घरात एकच कायदा होता. अब्बा वेढे मोजत असले की कुणी तोंड उघडायचं नाही. शिरूरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत आमचं दुकान आणि घर एकाला एक लागून होतं, म्हणजे पुढच्या खोलीत जळालेल्या मोटारी आणि मागच्या खोलीत आम्ही. विहिरींवरच्या, बोअरमधल्या मोटारी कमी दाबाच्या विजेनं जळायच्या आणि जीपमधून, ट्रॅक्टरमधून, कधी एसटीच्या टपावरून अब्बांकडे यायच्या. जळकी तार काढून तांब्याची नवी तार भरायची हे त्यांचं काम. हातानं फिरवायच्या एका यंत्रावर ते तार गुंडाळत आणि तोंडानं वेढे मोजत, कारण यंत्राचं आकडे दाखवणारं चाक माझ्या जन्माआधीच मोडलं होतं आणि ते दुरुस्त करावं असं त्यांना कधी वाटलं नाही. दुनियेच्या मोटारी नीट करणारा माणूस स्वतःचं चाक मोडकं ठेवून बसला होता. "एकेचाळीस, बेचाळीस" असं ऐकू आलं की अम्मी फोडणीचं पातेलं खाली उतरवायची, मी पुस्तकाचं पान उलटायची थांबायचे, आणि दारात आलेलं गिऱ्हाईक पायरीवरच चपला काढून मुकाट उभं राहायचं.

त्या शांततेची मला अजून झोपेत आठवण येते. दुपारची वेळ, व्हार्निशचा गोडसर वास, त्यात शुक्रवार असला तर अम्मीच्या दालच्यातल्या चिंचेचा वास मिसळलेला, कौलातून आलेल्या कवडशात तरंगणारी धूळ, आणि अब्बांचा पुटपुटता आवाज. मी भिंतीला टेकून बसायचे आणि आकडे ऐकता ऐकता माझे डोळे जड व्हायचे. आपण कुठल्यातरी विहिरीत हळूहळू खाली चाललोय आणि वर कुणीतरी दोर मोजून सोडतंय असं वाटायचं. अशा घरात वाढलेली मुलगी बडबडी निघणार नाही तर काय होणार? घरात जेवढं गप्प बसायचे तेवढं कॉलेजात बोलून घ्यायचे. वक्तृत्व, वादविवाद, काव्यवाचन, जिथं म्हणून माइक असेल तिथं मी हजर.

माझी वादविवादातली जोडीदारीण सुनंदा. इनामगावची. तिचे वडील, सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, गावच्या सोसायटीचे चेअरमन होते आणि अब्बांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, कारण त्यांची मोटार हंगामात दोनदा तरी जळायचीच. आमची ओळखही मोटारीमुळेच झाली. आप्पा मोटार घेऊन आले की ही पायरीवर बसून राहायची, आणि अम्मी तिला आत बोलवून भाकरी वाढायची. सुनंदाला गावाचा भारी गर्व. नदीकाठच्या टेकाडात कुणी मोठ्या विद्वानांनी खोदकाम करून हजारो वर्षांपूर्वीचे रांजण आणि चुली शोधून काढल्या होत्या, आणि त्या जणू तिच्या आज्जीनंच तिथं ठेवल्या असाव्यात अशा तोऱ्यात ती बोलायची. "तुमचं शिरूर काल-परवाचं गं," असं ती म्हणाली की मी तिला म्हणायचे, "मग आमच्या काल-परवाच्या गावात मोटार भरायला कशाला येता?"

तो उन्हाळा मात्र विसरता येत नाही. राजस्थानच्या वाळूत आपण अणुबॉम्बची चाचणी केली, रेडिओवर बातमी आली आणि बाजारपेठेत फटाके वाजायला लागले. चौकात पेढे वाटले गेले. अब्बाही गेले, आणि परत आले ते कपाळभर गुलाल घेऊन. अम्मीनं ओल्या फडक्यानं तो पुसला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं जरा." मीही दोन पेढे खाल्ले आणि खूप मोठं काहीतरी झालंय असं वाटून मला रडू आलं, हे कबूल केलं पाहिजे. मग थोड्याच दिवसांनी सीमेपलीकडून तशीच बातमी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा मोटार घेऊन आले, जीपमधून उतरता उतरता हसत ओरडले, "काय मिस्त्री, तुमचीबी फुटली म्हणं!"

अब्बाही हसले. अगदी मोकळं हसले. "आमची? आमची तर पोखरणलाच फुटली की आप्पा. पेढं खाल्लं न्हवं तुम्ही माझ्या हातचं?" आप्पांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, चहा झाला, आप्पा गेले. यात वाईट काही नव्हतं. आप्पा मनानं निर्मळ माणूस, आणि अब्बांच्या उत्तराचं मला कौतुकच वाटलं. मग अब्बा यंत्रावर बसले आणि मोजायला लागले. छत्तीस, सदतीस, अडतीस, आणि थांबले. मी आतून पाहत होते. त्यांनी यंत्राच्या दांड्यावर हात ठेवला होता आणि ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. पुन्हा म्हणाले, "छत्तीस." मग सगळी तार त्यांनी उलगडून काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्या अब्बांचा आकडा चुकलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

हिवाळ्यात कॉलेजात नोटीस लागली. दौंडच्या एका कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती, विषय होता, भारतानं अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही करावी की नाही. एका संघात दोघं, एकानं करावी म्हणायचं, दुसऱ्यानं करू नये. कॉलेजात त्या बाजूंना सगळ्यांनी सरळ नावंच देऊन टाकली, 'बॉम्ब नको' आणि 'बॉम्ब हवा'. मला 'नको' हवी होती. पेढ्यांची नशा केव्हाच उतरली होती. कॉलेजच्या वाचनालयात एक जाडं पुस्तक होतं, त्यात जपानमधल्या एका शाळकरी पोराच्या जेवणाच्या डब्याचा फोटो होता. डबा तसाच आणि आतल्या जेवणाचा कोळसा. जळालेल्या वस्तू मी रोज बघत होते, त्यांच्या वासात वाढले होते. पण जळालेलं ते सगळं पुन्हा भरता येत होतं. तो डबा बघून मी पुस्तक मिटलं आणि कितीतरी दिवस कॉलेजात डबा नेला नाही.

आमच्या काळे मॅडम राज्यशास्त्र शिकवायच्या. त्यांनी मला स्टाफरूमच्या बाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, "तू 'हवा'ची बाजू घे. सुनंदा 'नको' बोलेल."

"पण मॅडम, मला उलट वाटतं. आणि सुनंदाला बॉम्ब हवाय."

"वाटण्याचा प्रश्न नाही. स्पर्धा आहे." मग त्यांनी पदर सारखा केला आणि आवाज खाली आणला. "बाळा, सुनंदानं बॉम्ब नको म्हटलं तर लोक म्हणतील, पोरगी शांततावादी आहे. तू म्हटलंस तर वेगळंच म्हणतील. तुझ्या भल्यासाठी सांगते."

मी पुढे आयुष्यभर मास्तरकी केली आणि अशीच एखादी मुलगी समोर उभी राहिली की तिला पदराखाली घ्यावं, असं मलाही एक-दोनदा वाटलेलं आहे. त्यामुळे मॅडमवर आता राग नाही. तेव्हा मात्र एवढा राग आला होता की सायकल हातात धरून मी घरापर्यंत चालत आले. घरी अब्बांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम शहाण्या हायत." त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की मी 'हवा'ची बाजू घेऊन टाकली.

मग आम्ही एक युक्ती केली. सुनंदाला मनापासून वाटणारं भाषण तिनं मला लिहून द्यायचं, आणि माझं मी तिला. त्यासाठी एका रविवारी मी इनामगावला गेले. हुरड्याचे दिवस होते. नदीवर धुकं इतकं दाट की पलीकडचा काठ नव्हताच, आणि पलीकडून येणारा माणसांचा आवाज मात्र अगदी कानाशी बोलल्यासारखा स्पष्ट. शेतात आगटी पेटवली होती, सुनंदाची आई गोवऱ्यांवर ज्वारीची कणसं भाजून हातावर चोळत होती, आणि हिरवट गरम दाणे, लसणाची चटणी, दही असं आमच्यासमोर येत होतं. बोटं भाजत होती, वह्यांवर राख उडत होती. जगातल्या कुणी बॉम्ब बाळगावा आणि कुणी नाही, हे आम्ही दोघी त्या धुक्यात बसून ठरवत होतो, आणि खरं सांगते, ते आम्हाला ठरवता येईल असं वाटत होतं.

सुनंदाचा मुद्दा जोरदार होता. ती म्हणाली, "हे बघ, गावातल्या पाच जणांनी आधी बोअर मारल्या. मग त्याच पाच जणांनी ग्रामसभेत ठराव केला की पाणी खाली चाललंय, आता दुसऱ्या कुणी बोअर मारायची न्हाई. हाच तो करार. आमचे आप्पा असल्या ठरावावर सही करतील का?"

"आणि मग सगळ्यांनीच बोअरी मारल्या," मी म्हटलं. "कुणाला पाणी लागलं? तुमची मोटार दरसाल का जळते? पाणीच नसतं तिला ओढायला."

"मग आधी त्या पाच जणांनी बुजवाव्यात."

"बुजवाव्यातच. पण त्यांनी बुजवल्या नाहीत म्हणून आपण अजून खोल जायचं?"

सुनंदाची आई म्हणाली, "अगं पोरींनो, हुरडा गार होतोय, पाण्याचं काय ते मागनं बघा." आम्ही खाल्लं आणि लिहिलं. तिनं माझं भाषण लिहिलं, मी तिचं, आणि संध्याकाळच्या गाडीनं मी शिरूरला आले तेव्हा माझ्या पिशवीत मला न पटणारं, पण उत्तम भाषण होतं.

दौंडचं ते सभागृह रेल्वेच्या जवळ होतं. तिथं एक रीत होती, जी नवख्या वक्त्यांना आधीच सांगून ठेवत: गाडी आली की थांबायचं, गाडी गेली की पुढं बोलायचं, तेवढा वेळ घड्याळातून वजा होतो. दौंड म्हणजे गाड्यांचं गाव. त्यामुळे दर थोड्या वेळानं वक्ता हात अर्धवट वर करून पुतळ्यासारखा उभा, श्रोते छताकडे बघतायत, खिडक्यांची तावदानं थरथरतायत, आणि मग राहिलेलं वाक्य. मी आणि सुनंदा तिसऱ्या रांगेत बसून गुदगुल्या झाल्यासारख्या हसत होतो. दुपारचं ऊन तिरपं आत येत होतं, पंखे सावकाश फिरत होते, आणि देशांची नावं, करारांची नावं त्या उन्हात इकडून तिकडे तरंगत होती. सगळं खरं असूनही स्वप्नातलं वाटत होतं.

सुनंदा माझे शब्द घेऊन उभी राहिली. डब्याबद्दल ती अगदी मला हवं तसं बोलली. माझं मन तिच्या तोंडून मी ऐकत होते आणि ते मला आणखी पटत होतं. तिला बऱ्यापैकी टाळ्या मिळाल्या. परीक्षक निवृत्त मुख्याध्यापक होते, पांढऱ्या टोपीतले, प्रेमळ चेहऱ्याचे. दर वक्त्याला ते एक प्रश्न विचारायचे. सुनंदाला विचारलं, "करारानं किती देशांना अण्वस्त्रं ठेवायची मुभा दिलीय?" ती म्हणाली, "पाच." झालं.

मग माझं नाव पुकारलं. नाव ऐकून पेंगणारी माणसंसुद्धा सावरून बसली. मी बोअरच्या गोष्टीनं सुरुवात केली आणि टाळ्या पडल्या. पुढच्या वाक्याला पडल्या. त्यानंतर तर वाक्य संपायच्या आधीच पडायला लागल्या. कुणीतरी "शाब्बास पोरी!" म्हणालं. माझ्या आधी 'हवा'च्या बाजूनं सहा-सात जण बोलले होते, त्यातल्या एक-दोघांचे मुद्दे माझ्यापेक्षा बरे होते, त्यांना असं काही मिळालं नव्हतं. तोंड बोलत होतं आणि मी आत कुठेतरी बसून विचार करत होते, ही माणसं कशाला टाळ्या वाजवतायत? सुनंदाच्या मुद्द्याला तर नाही. मला एकदम अब्बांच्या कपाळावरचा गुलाल आठवला.

भाषण संपलं. परीक्षक कौतुकानं हसले आणि म्हणाले, "फार सुंदर बोललीस, बेटा. आता एवढंच सांग, पाकिस्तानकडे बॉम्ब असावा का?"

आणि मालगाडी आली. डब्यामागून डबा, संपेचना. सगळं सभागृह थांबलं आणि माझ्याकडे बघत राहिलं. उत्तर माझ्याकडे तयार होतं. 'शेजाऱ्याच्या हेतूंवर भरवसा ठेवता येत नाही' असं सुनंदानं वहीत लिहूनच दिलं होतं. तेवढं म्हटलं की करंडक आमचा. शिरूरला मिरवणूक नसती निघाली, पण मॅडम खूश झाल्या असत्या, आणि अब्बांना पायरीवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला गोष्ट मिळाली असती. त्या खडखडाटात मी उभी होते आणि मला कशाचीच घाई वाटत नव्हती. ही गाडी अशीच जात राहिली तर किती बरं होईल, असं वाटत होतं. मग शेवटचा डबा गेला.

"नसावा," मी म्हटलं. टाळी सुरू झाली, तेवढ्यात मी पुढं म्हणाले, "आणि आपल्याकडेही नसावा. कुणाकडेच नसावा. आत्ता मी बोलले ते माझ्या मैत्रिणीनं लिहिलंय, ते तिला मनापासून वाटतं. ती बोलली ते माझं आहे. आणि सर, हा प्रश्न तुम्ही माझ्या आधी कुणालाच विचारला नाहीत. मलाच का विचारलात?"

मागून कुणीतरी ओरडलं, "बस खाली!" परीक्षकांनी चष्मा काढला. ते रागावले नव्हते, कानकोंडे झाले होते, आणि मला त्यांची दया आली. स्वतःची बाजू सोडणारा संघ बाद, असा नियम होता. करंडक यजमान कॉलेजला गेला.

परतीच्या एसटीत सुनंदा न्हावऱ्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. न्हावऱ्याला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "करंडक घालवलास." मी हो म्हटलं. थोड्या वेळानं म्हणाली, "मला किती सोप्पं विचारलं गं त्यांनी." मग मी तिला आप्पांचं ते हसत बोललेलं वाक्य सांगितलं, आणि अब्बांचा चुकलेला आकडाही सांगितला. ती खिडकीकडे वळली. "आप्पा वाईट न्हाईत," ती म्हणाली. "माहितेय मला," मी म्हटलं. तिनं आपल्या शालीचं एक टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं आणि आम्ही तशाच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आले. मोटार न घेता. पायरीवर उभे राहून टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "मिस्त्री, त्या दिशी म्या हसण्यावारी काय बोललो असंल..."

"कवा?" अब्बा म्हणाले. "मला तर यादबी न्हाई आप्पा. बसा, च्या घ्या."

आप्पा बसले नाहीत. ते गेल्यावर अब्बा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "काय गरज हुती? एवढं चांगलं बोललीस म्हणं, मग शेवटाला काय गरज हुती? आपल्याला हितंच ऱ्हायचंय, हितंच धंदा करायचाय. बॉम्ब पायजेच देशाला. पायजेच!"

अम्मी दारात येऊन उभी राहिली. मी विचारलं, "अब्बा, हे तुम्हाला खरंच वाटतं, का लोकांसाठी म्हणताय?"

विचारलं आणि वाटलं, मुस्काटात बसणार. पण ते खाली बसले, हातातलं फडकं उलगडलं, पुन्हा घडी घातली. मग खूप हळू म्हणाले, "न्हाई सांगता येत, बेटा. लई वर्सं झाली. कुणी काय इचारलं की त्येला काय ऐकायचंय त्येच पहिलं तोंडात येतं. माझं काय हाय, त्ये मलाच आता गावत न्हाई."

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. इतकं वाईट मला आयुष्यात क्वचित वाटलंय. काय करावं कळेना म्हणून मी माझं भाषण म्हणायला लागले, सुनंदाला दिलेलं, माझं. डब्याचं म्हटलं, बोअरचं म्हटलं, सगळ्यांनी मिळून बुजवायचं म्हटलं. ते मान खाली घालून ऐकत होते. संपलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे न्हाई पटलं," ते म्हणाले.

"काय?"

"समद्यांनी मिळून बुजवायचं म्हणतीस. पर पहिला कोण बुजवणार? इतकी सालं मोटारी भरतोय म्या, आता पाणी बास म्हणून एकानंबी मोटार काढून ठिवली न्हाई. त्येचं सांग. त्येचं काय उत्तर हाय तुझ्याकडं?"

ते माझ्याकडे रोखून बघत होते, हुज्जत घालायला बसलेल्या माणसासारखे, आणि उत्तराची वाट पाहत होते. मी रडत होते आणि हसत होते, आणि अम्मी दारातून विचारत होती की आता काय झालं.